ठसा दिसला, पुढे काय?

२९ एप्रिल २०१९ ला आपल्या लष्कराच्या ट्विटर खात्यावर बर्फातल्या पावलांचे फोटो आले. नेपाळमधल्या मकालू बेस कँपजवळ लष्कराच्या गिर्यारोहण पथकाला ९ एप्रिलला ही पावलं दिसली, माप ३२ इंच बाय १५ इंच, आणि ती 'यती'ची आहेत, असं सोबत लिहिलेलं. झालं! दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सरळ दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, "लष्कर सांगतंय म्हणजे असणारच." दुसऱ्याचं म्हणणं, "असलं काही नसतं हो, शुद्ध अडाणीपणा."

मला तेव्हा दोन्ही तटांचा सारखाच राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. दोघांपैकी एकानेही तो फोटो नीट पाहिला नव्हता. न पाहता 'हो' म्हणणारा आणि न पाहता 'नाही' म्हणणारा हे माझ्या लेखी एकाच बाकावरचे विद्यार्थी. यतीच्या बाबतीत तर असं करायचं काही कारणच नाही, कारण या प्राण्याविषयीचा जवळजवळ दोनशे वर्षांचा पुरावा आपल्यासमोर आहे. तो मांडून पाहिला तर यतीविषयी कळतंच, पण पुरावा कशाला म्हणायचं हेही कळतं.

आधी शब्दाचं सांगते. (मराठीच्या बाईंची खोड, चालवून घ्या.) आपल्याकडे यती म्हणजे संन्यासी, आणि कवितेतला यती म्हणजे ओळीतली विश्रांतीची जागा. या दोघांचाही हिमालयातल्या यतीशी संबंध नाही. हा शेर्पा-तिबेटी बोलीतला शब्द. त्याची फोड 'ये' म्हणजे खडकाळ जागा आणि 'ते' म्हणजे अस्वल अशी केली जाते. म्हणजे कड्याकपारीतलं अस्वल! ज्यांच्या घरातला हा शब्द, त्यांनी त्यात अस्वल ठेवलेलंच होतं. ते आपल्याला ऐकू आलं नाही.

ऐकू का आलं नाही, त्याचीही एक गोष्ट आहे. १९२१ साली एव्हरेस्टची पहिली पाहणी करायला ब्रिटिशांची मोहीम गेली. तिचे प्रमुख कर्नल हॉवर्ड-बरी यांना ल्हाक्पा ला या एकवीस हजार फुटांवरच्या खिंडीच्या वाटेवर बर्फात ठसे दिसले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलं की हे लांडग्याचे असावेत, मऊ बर्फात पुढचं आणि मागचं पाऊल एकावर एक पडून अनवाणी माणसाच्या पावलासारखं दिसतं. बरोबरचे हमाल मात्र 'मेतोह-कांगमी' म्हणाले. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये लिहिणाऱ्या हेन्री न्यूमन यांनी परत आलेल्या हमालांकडून हे ऐकलं, आणि 'मेतोह'चा अर्थ घाणेरडा, ओंगळ असा लावून इंग्रजीत त्याचा 'अबॉमिनेबल स्नोमॅन' करून टाकला. वास्तविक त्या शब्दातही माणूस आणि अस्वल हेच दोन तुकडे असल्याचं जाणकार सांगतात. पण 'ओंगळ हिममानव' म्हटल्यावर अस्वलाकडे कोण बघतो? एका चुकीच्या भाषांतराने जगाला एक प्राणी दिला. भाषेचे पेपर तपासताना मी उगाच एकेका शब्दासाठी अर्धा मार्क कापत नव्हते!

आता ठशांकडे वळू. आपल्याकडे तर्कशास्त्राचं जुनं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणार. धूर हे प्रत्यक्ष, आग हे अनुमान. पण त्याच शास्त्रकारांनी पुढे बजावून ठेवलंय की जो दिसतोय तो धूरच आहे ना, की धुकं किंवा धुरळा आहे, ते आधी पाहा. आणि धूर-आग हे नातं आपल्याला ठाऊक कशामुळे? स्वयंपाकघरात दोन्ही एकत्र पाहिलेत म्हणून. मकालूच्या फोटोत प्रत्यक्ष काय होतं? बर्फातले खळगे. 'यती' हे अनुमान. आणि यती व त्याचं पाऊल हे दोन्ही एकत्र पाहिलेला माणूस कोण?

जुन्नर-आंबेगावकडे उसात बिबट्याचा ठसा दिसला की वनखात्याची माणसं ठसा बघून बिबट्या म्हणतात आणि आपण मान्य करतो. तिथे एका ठशावर काम भागतं. कारण बिबट्याचा पंजा, बिबट्याचा ठसा आणि बिबट्या या तिन्ही गोष्टींची गाठ आधी शेकडो वेळा पडलेली आहे. यतीचा ठसा मात्र असा, की त्याचा मालक कधी हजरच नाही. पावती आहे, सही ओळखीची नाही.

मकालूच्या मापाचं गणित मी तेव्हाच ग्रुपवर टाकलं होतं, कोणी उत्तर दिलं नाही. माणसाची उंची त्याच्या पावलाच्या साधारण साडेसहा-सातपट असते. दारात उभं राहून कोणीही मोजून पाहावं. ३२ इंचांच्या पावलाला हा हिशेब लावला तर उंची येते सतरा-अठरा फूट. जवळजवळ दोन मजली घर! एवढा प्राणी त्या उंचीवर खातो काय, आणि एकटाच कसा? त्याला आई-बाप, बायका-मुलं हवीत. उलट बाजूने पाहिलं तर, ऊन लागलं की बर्फातला ठसा कडेने वितळून पसरतो, आणि एकामागे एक पडलेली पावलं मिळून एक होतात, हे हॉवर्ड-बरींनी शंभर वर्षांपूर्वी नोंदवलेलंच आहे. नेपाळच्या लष्कराकडूनही नंतर खुलासा आला की तिथल्या लोकांच्या मते ही रानअस्वलाची पावलं, त्या भागात ती नेहमी दिसतात. त्या खुलाशाचा फोटो मात्र कोणी पुढे पाठवला नाही.

ठशांतला सगळ्यात नावाजलेला ठसा १९५१ चा. एरिक शिप्टन आणि मायकेल वॉर्ड यांनी मेनलुंग हिमनदीवर काढलेला. शेजारी बर्फाची कुऱ्हाड ठेवलेली, अंगठा फाकलेला, बोटं स्पष्ट. शिप्टन काही ऐरागैरा नव्हता, हिमालयात आयुष्य काढलेला माणूस. पण इतक्या सगळ्या डोलाऱ्याखाली जवळून घेतलेला, स्पष्ट असा ठसा एकच आहे हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. मसुरीकडे बालपण गेलेले डॅनियल टेलर यांनी या एका ठशापायी कित्येक वर्षं हिमालय पालथा घातला. झाडावर चढणाऱ्या काळ्या अस्वलाची पुढची आणि मागची पावलं एकावर एक पडली की तसा अंगठा उमटू शकतो, असं त्यांचं म्हणणं. २०१७ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं.

या सगळ्या शोधात मला मनापासून आवडलेला भाग एडमंड हिलरींचा. १९६० साली ते मोठं पथक घेऊन यतीच्या मागावर गेले, बरोबर प्राणितज्ज्ञही होते. खुमजुंग गावच्या गोंपामध्ये यतीची म्हणून जपलेली टाळू होती, शंकूसारखी, तांबूस केसांची. हिलरींनी ती तपासणीसाठी मागितली. गावाने दिली, पण अटीवर: ठरल्या मुदतीत परत यायची, आणि गावातले वडीलधारे खुंजो चुंबी तिच्याबरोबर जाणार. मग ही टाळू आणि हे गृहस्थ शिकागो, पॅरिस, लंडन असे फिरले. तज्ज्ञांनी पाहून सांगितलं की ही टाळू नाहीच, सेरो नावाच्या हिमालयातल्या बकरीसारख्या जनावराचं कातडं साच्यावर ताणून केलेली टोपी आहे. हिलरींच्या लोकांनी तर सेरोच्या कातड्याची तशीच दुसरी करूनही दाखवली. मला ही पद्धत फार पटली. नुसतं 'खोटं आहे' असं न म्हणता, 'हे असं करता येतं, बघा' म्हणायचं.

खुंजो चुंबींनी तिकडे दिलेलं एक उत्तर सांगितलं जातं. आमच्याकडे जिराफ नाहीत, कांगारू नाहीत, म्हणून आम्हाला त्यांच्यातलं काही कळत नाही. तुमच्याकडे यती नाहीत, तेव्हा तुमचं अज्ञान मी समजू शकतो, अशा अर्थाचं. काय हजरजबाबी माणूस! पण वर्गात कोणी हे उत्तर दिलं असतं तर मी शाबासकी देऊन वर एक प्रश्न विचारला असता. जिराफ पाहायचाच म्हटलं तर तिकीट काढून दाखवता येतो, तुमचं तिकीट कुठे मिळतं?

टाळू ठरल्याप्रमाणे परत गेली. आजही ती खुमजुंगच्या गोंपात पेटीत आहे, गावाचा तिच्यावरचा जीव कमी झालेला नाही, आणि तो का व्हावा? देव्हाऱ्यातल्या वस्तूचं मोल प्रयोगशाळेत ठरत नाही. तिच्यापासून प्राणी सिद्ध करायला निघालात तरच प्रयोगशाळेचा संबंध. आणि त्याच गावात १९६१ साली हिलरींनी शाळा बांधली. यती शोधायला गेलेला माणूस शाळा बांधून आला! मी चाळीस वर्षं खडू झिजवले, तेव्हा हा सौदा मला तरी वाईट वाटत नाही.

पुढे केस, हाडं, दात तपासायची नवी साधनं आली. पांगबोचे गोंपातल्या यतीच्या हाताचं एक बोट १९५० च्या दशकाअखेर गुपचूप लंडनला गेलं होतं. २०११ मध्ये त्याची डीएनए तपासणी झाली, ते माणसाचं निघालं. मेघालयात गारो टेकड्यांत 'मांडे बुरुंग' नावाच्या वनमानवाची गोष्ट आहे. तिथले केस २००८ मध्ये तपासले, ते घोरलाचे, म्हणजे तिथल्या रानबकरीसारख्या जनावराचे. २०१४ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी जाहीर केलं की लडाख आणि भूतानचे दोन नमुने प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळतात. मोठी बातमी झाली. लगेच दुसऱ्या संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासून जुळणीतली गफलत दाखवून दिली. ते केस हिमालयातल्या तपकिरी अस्वलाचे असणं जास्त संभवतं. म्हणजे बघा, शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञालाही सोडलं नाही. मग २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाने यतीचे म्हणून सांभाळलेले नऊ नमुने तपासले. आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा.

फोटोंचंही तेच. १९८६ च्या मार्चमध्ये अँथनी वुल्ड्रिज नावाच्या ब्रिटिश माणसाला हेमकुंडजवळ बर्फाच्या उतारावर यती उभा दिसला. त्याने फोटो काढले. यती पाऊण तास जागचा हलला नाही म्हणे! जाणती माणसंसुद्धा त्या फोटोंनी हुरळून गेली. नंतर त्या जागेची नीट मोजमापं झाली आणि तो खडक ठरला. वुल्ड्रिजने ते स्वतः मान्य केलं, छापील मान्य केलं. या माणसाबद्दल मला आदर आहे. त्याच साली तिबेटमध्ये राइनहोल्ड मेसनर यांना अंधारात एक प्राणी दिसला. त्यांनीही नुसतं 'मी पाहिलं' म्हणून बसून न राहता पुढे बारा वर्षं शोध घेतला आणि १९९८ च्या पुस्तकात तो अस्वलच असल्याचं लिहिलं.

इथवर आल्यावर माझा भाचा म्हणाला, "मावशी, पण नवे प्राणी सापडतातच की! सगळ्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर सापडले असते का?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे.

रानपिंगळा हा छोटा घुबड. नेहमीचा पिंगळा आपण ओळखतो. पहाटे कुडमुडं वाजवत येणारा पिंगळा जोशी त्याचीच भाषा कळते म्हणून भविष्य सांगायचा. रानपिंगळा त्याच्यासारखाच दिसणारा, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेला, पोट पांढरं आणि नख्या दांडग्या. १८७२ मध्ये पहिला मिळाला, १८७३ मध्ये ह्यूम यांनी नाव दिलं, १८८४ मध्ये खानदेशात डेव्हिडसन यांना मिळाला, आणि मग गायब. सगळ्या जगात मिळून सातच पेंढा भरलेले नमुने. सालिम अली आणि रिप्ली यांच्यासारख्यांनी शोधला, सापडला नाही. त्या सातांत रिचर्ड माइनर्टझहागेन या बड्या इंग्रज पक्षितज्ज्ञाचा एक नमुना होता, १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवलेला. पामेला रासमुसेन यांना त्याचा संशय आला. बारकाईने पाहिल्यावर कळलं की तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना. चोरलेला, नव्याने शिवलेला, आणि वर खोटी चिठ्ठी! म्हणजे १९१४ हे सालही खोटं आणि मांडवीही खोटी. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी फक्त खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, भरदिवसा, झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

भाच्याला मी एवढंच म्हटलं, हा पक्षी शंका घेणाऱ्या बाईला सापडला. आंधळेपणाने मांडवीचं नाव धरून बसली असती तर कदाचित सापडला नसता. आणि सापडल्यावर काय झालं? फोटो निघाले, चित्रफीत निघाली, मग दुसऱ्यांना दिसला, मेळघाटात दिसला, पुढे मुंबईजवळ तानसाच्या जंगलातही दिसला. खऱ्या प्राण्याचा पुरावा असा वाढत जातो. यतीचा १८३२ पासूनचा प्रवास बघा. काठमांडूला राहणाऱ्या हॉजसन यांच्या शिकाऱ्यांनी केसाळ प्राणी पाहिल्याचं तेव्हा छापून आलं. त्यानंतर जे जे हाती लागलं आणि तपासलं गेलं ते बकरी, अस्वल, कुत्रा, माणूस किंवा खडक झालं. उरलंय ते फक्त न तपासलेलं.

"हिमालय अफाट आहे" हाही एक मुद्दा असतो. आहेच. पण हिमबिबट्यासारखा लाजरा, खडकाच्या रंगाचा प्राणी मोजायचा ठरवला तेव्हा भारतात १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावले गेले, २४१ वेगवेगळे हिमबिबटे फोटोत आले, आणि २०२४ मध्ये आपल्याकडे ते ७१८ असल्याचा अंदाज जाहीर झाला. त्या कॅमेऱ्यांपुढून यती गेल्याची काही बातमी नाही. मकालू नेपाळात आहे, तेव्हा यावरून मकालूचा निकाल लागत नाही, हे मान्य. पण दरवर्षी कॅमेरे वाढताहेत आणि यतीचा नवा चांगला पुरावा मात्र येत नाही, याचं काही वजन धरायचं की नाही?

आता दुसऱ्या तटाकडे येते, नाहीतर तो फुशारेल. 'अडाणीपणा' म्हणणाऱ्यांनो, कुठला अडाणीपणा? शेर्पांच्या शब्दात अस्वल होतं, मकालूचे लोक अस्वलच म्हणत होते. राक्षस केला तो कलकत्त्याच्या वर्तमानपत्राने आणि साहेबांच्या मोहिमांनी. नेपाळ सरकारने तर १९५० च्या दशकात यतीच्या शोधाच्या परवान्याला पाच हजार रुपये भारतीय चलनात घ्यायचा नियम केला होता, आणि जीव वाचवण्यापुरतं सोडून यतीवर गोळी झाडायला बंदी. खुळे कोण होते, नियम करणारे की पैसे भरणारे?

शिवाय हसून प्रश्न संपवला असता तर लिंडक्विस्टबाईंनी ते नऊ नमुने हातात घेतलेच नसते. त्या तपासणीतून हिमालयातल्या तपकिरी अस्वलाविषयी नवीनच कळलं, की त्याची शाखा बाकीच्या तपकिरी अस्वलांपासून सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. इतकं जुनं घराणं, आणि आज त्याची गणती अतिशय धोक्यात आलेल्यांमध्ये. यतीवर लाखांनी खर्च झाले. या अस्वलाचं नाव तरी किती जणांनी ऐकलंय?

हे सगळं ग्रुपवर लिहिलं असतं तर "मॅडमचा तास सुरू झाला" असं कोणीतरी म्हटलंच असतं, म्हणून इथे लिहिलं. मकालूच्या त्या ठशांचा बर्फ कधीच वितळला. फोटो उरले. आता तर संगणक मागाल तसा फोटो घरबसल्या काढून देतो, तेव्हा त्यांचीही किंमत पूर्वीइतकी राहिलेली नाही. आपल्या मंडळींपैकी हल्ली बरेच जण ट्रेकला तिकडे जातात. कोणाला अशी पावलं दिसलीच तर फोटो जरूर काढा, शेजारी पट्टी ठेवून काढा, एक नव्हे चांगले दहा-बारा ठसे काढा. आणि आसपास केसांचा पुंजका दिसला तर कागदात बांधून आणा, किंवा विष्ठा मिळाली तर घट्ट झाकणाच्या डबीत. डबी मी देते. परत नाही दिली तरी चालेल.